आर्तोच्या वह्या आणि त्यांची मुद्रणप्रत

आंतोनँ आर्तो या फ्रेंच नाटककारानं आयुष्याच्या अखेरच्या तीन वर्षांत ४०६ वह्या भरल्या. पहिली फेब्रुवारी १९४५ मधली, शेवटची मार्च १९४८ मधली, म्हणजे तो गेला त्याच महिन्यातली. हिशेब केला तर साधारण तीन दिवसांना एक वही पडते. वह्या साध्या, शाळकरी पोरांच्या. लिखाण बहुतेक पेन्सिलीचं, कुठं कुठं शाईचं. कव्हरसुद्धा सोडलेलं नाही. मजकुराच्या मधोमध खिळे, शवपेट्या, चेहरे, कसली कसली यंत्रं काढलेली, आणि चित्राला वळसा घालून मजकूर पुन्हा खाली उतरलेला.

मी नाटकातली बाई नव्हे. मी मुद्रितशोधक. पुण्यात प्रुफं वाचण्यातच माझी हयात गेली. आधी खिळ्यांच्या गॅल्या, शेवटी डीटीपीचे प्रिंटआउट. फ्रेंच शिकले ती नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या वर्गात, आणि तेही रशियनच्या वर्गाची वेळ जमेना म्हणून. त्यामुळे या वह्यांकडं मी आमच्या धंद्याच्या नजरेनंच बघते. हे अक्षर लावलं कुणी, मुद्रणप्रत कुणी केली, छापताना काय गळलं, आणि पुस्तकावर नाव कुणाचं आलं, हे प्रश्न मला आधी पडतात. आर्तोवर लिहिणाऱ्यांना ते सहसा पडत नाहीत. त्यांना वेड, प्रतिभा आणि विजेचे झटके एवढंच पुरतं.

आपल्याकडं नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला आर्तो भेटतो तो एकाच पुस्तकापुरता. 'क्रौर्याची रंगभूमी' हे शब्द परीक्षेत येतात, बालीच्या नर्तकांचा उल्लेख येतो, पीटर ब्रुकचं 'मारा/साद' येतं, झालं. ज्या निबंधसंग्रहात तो विचार आहे, तो 'ल तेआत्र ए सों दूब्ल', पॅरिसच्या गालिमारनं फेब्रुवारी १९३८ मध्ये ४०० प्रतींत छापला. तेव्हा त्याचा लेखक वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेला होता. तिथून पुढचा आर्तो आपल्या अभ्यासक्रमात नाही. आणि लिखाणाचा ढीग पाहिला, तर निम्म्याहून मोठा आर्तो त्या पुढच्या काळातलाच आहे.

आधीची हकिगत थोडक्यात सांगते, कारण ती सगळीकडं मिळते. जन्म १८९६ चा, मार्सेय बंदरात. वडिलांचा जहाजांचा व्यवसाय, आईचं घराणं स्मर्नाचं, म्हणजे आजच्या इझमिरचं. आईवडील एकमेकांची सख्खी मावसभावंडं. दोन्ही आज्या सख्ख्या बहिणी. ही गोष्ट लक्षात असू द्या, या आज्या पुढं वह्यांत येणार आहेत. लहानपणी मेंदूचं दुखणं, मग आयुष्यभर अफूचं व्यसन. पॅरिसला येऊन कविता, नट म्हणून कामं. आबेल गान्सच्या 'नेपोलियन'मधला मारा तोच, आणि ड्रायरच्या 'जोन ऑफ आर्क'मधला तरुण भिक्षूही तोच. सुर्रिअलिस्टांमध्ये गेला आणि त्यांच्यातून काढलाही गेला. १९३५ मध्ये 'ले साँसी' हे नाटक उभं केलं, ते १७ प्रयोगांत आटोपलं. १९३६ मध्ये मेक्सिकोत ताराउमारा आदिवासींकडं गेला. १९३७ मध्ये संत पॅट्रिकची म्हणून एक काठी घेऊन आयर्लंडला गेला, डब्लिनमध्ये पकडला गेला, आणि बोटीवर बसवून परत पाठवला गेला. ल हाव्र बंदरात उतरला तो थेट इस्पितळात. तिथून बाहेर यायला जवळजवळ नऊ वर्षं लागली.

इस्पितळं बदलत गेली. रुआंजवळचं एक, मग पॅरिसचं सँत-आन, मग १९३९ पासून पॅरिसच्या कुशीतलं व्हिल-एव्हरार. युद्ध आलं, जर्मन आले, शिधा तुटला. फ्रान्सच्या मनोरुग्णालयांत त्या काळात सुमारे ४५ हजार माणसं भुकेनं आणि भुकेतून आलेल्या आजारांनी मेली. शिल्पकार कामीय क्लोदेल १९४३ मध्ये दक्षिणेतल्या अशाच एका इस्पितळात गेली; तिलाही १९१३ मध्ये आधी व्हिल-एव्हरारलाच ठेवलं होतं. आर्तो तिथं वाळत चालला होता. त्याच्या आईनं कवी रोबेर देस्नोसला गाठलं. देस्नोसची ओळख गास्तों फेर्दिएर नावाच्या डॉक्टरशी होती. फेर्दिएर स्वतः कविता करणारा, सुर्रिअलिस्टांच्या बैठकीतला. तो दक्षिणेत रोदेझच्या इस्पितळाचा प्रमुख होता, आणि तिकडं जेवणाची परिस्थिती बरी होती. फेब्रुवारी १९४३ मध्ये आर्तो रोदेझला पोचला. देस्नोसला पुढच्याच वर्षी गेस्टापोनं उचललं. जून १९४५ मध्ये तो तेरेझीनच्या छावणीत टायफसनं गेला.

फेर्दिएरबद्दल दोन तट आहेत आणि दोघंही मोठ्यानं बोलतात. एकाच्या मते तो तारणहार, दुसऱ्याच्या मते कसाई. कागदोपत्री जे दिसतं ते असं: त्यानं आर्तोला उपासमारीतून काढलं, स्वतःच्या घरी जेवायला बोलावलं, लिहायला लावावं म्हणून लुई कॅरोलचा एक उतारा भाषांतराला दिला, चित्रं काढायला कागद दिले. आणि त्याच्याच इस्पितळात जून १९४३ पासून आर्तोला विजेचे झटके सुरू झाले, ते पन्नासहून अधिक दिले गेले. पहिल्याच फेरीत पाठीचा मणका मोडला. तेव्हा गुंगी देऊन, स्नायू सैल करून झटके देण्याची पद्धत नव्हती. हा उपचारच १९३८ मध्ये रोममध्ये निघालेला, अगदी नवा. झटके थांबवा म्हणून आर्तोनं फेर्दिएरला पत्रांवर पत्रं लिहिली. माझं मत विचाराल तर झटक्यांनी वह्या लिहवून घेतल्या, हा फेर्दिएरच्या बाजूचा दावा मला पटत नाही. झटके १९४५ च्या सुरुवातीला संपले आणि वह्या फेब्रुवारी १९४५ मध्ये सुरू झाल्या. संपल्यावर सुरू झाल्या, एवढं तारखा बोलतात.

त्याच सुमारास त्याचं आणखी एक बदललं. १९४३ मध्ये तो काही महिने आपलं नाव आर्तो असल्याचंच नाकारत होता, नाल्पास अशी सही करायचा. ते आईच्या माहेरचं नाव. कॅथलिक भक्ती इतकी, की तासन्तास प्रार्थना. एप्रिल १९४५ मध्ये त्यानं तो धर्म टाकला आणि नंतर एका पत्रात स्वतःच त्याची तारीख सांगितली. वह्यांमध्ये देव येतो तो यानंतर आरोपी म्हणून.

आता आत काय आहे ते. पहिल्यांदा सांगते, की ही रोजनिशी नव्हे. 'आज अमका भेटला, तमकं जेवलो' असं शोधायला गेलात तर निराशा होईल. जेवणाचे उल्लेख आहेत, पण ते मागणीच्या सुरात. काय खायचंय, कोण घेऊन येतंय, वाटेत ते कुणी अडवलं. सतत कुणी ना कुणी त्याच्याकडं निघालेलं असतं. यात मुख्य म्हणजे त्याच्या 'हृदयाच्या मुली'. ही त्यानं रचलेली लेकींची फौज. तिच्यात दोन्ही आज्या आहेत, नेनेका आणि कातरीन. ओळखीच्या, प्रेमातल्या स्त्रिया आहेत. मेलेल्या आणि जिवंत एकाच रांगेत. तो त्यांचा बाप. आजी नातवाची मुलगी होते. त्या रोदेझच्या दिशेनं पायी निघालेल्या असतात, वाटेत त्यांचा छळ होतो, त्या मारल्या जातात, पुढच्या वहीत पुन्हा निघतात. आईबापांपासून जन्मलेलं शरीर त्याला मंजूरच नव्हतं. आपलं शरीर आपण, आपल्या हातानं, पुन्हा बनवायचं, त्यात कुणी भरलेले अवयव नकोत, असा त्याचा हेका.

मधेच अक्षरांच्या लडी सुरू होतात. त्या कुठल्याच भाषेच्या नाहीत. चार-पाच ओळी, ठोक्यांत बांधलेल्या. त्या डोळ्यांनी वाचल्या तर काहीच नाही, मोठ्यानं म्हटल्या तर छातीला धक्का लागतो. तो लिहिताना त्या म्हणायचा, पुटपुटायचा, हातवारे करायचा. पुढं पॅरिसच्या वेशीवर, इव्रीला राहायला आल्यावर खोलीत त्यानं एक जाड लाकडी ओंडका ठेवला होता आणि त्यावर हातोडीचे घाव घालत तो शब्दांची लय पकडायचा. शेजारच्यांना हे वेडाचं लक्षण वाटलं असेल. मला ती तालीम वाटते. ज्याला आयुष्यभर रंगमंच मिळाला नाही, मिळाला तो १७ प्रयोगांत गेला, त्यानं शेवटी शाळकरी वहीवर नाटक उभं केलं. आवाज, हालचाल, प्रकाश, प्रेक्षकांवरचा हल्ला, सगळं त्यातच. हे वाचूनच मला त्याच्या जुन्या निबंधांचा अर्थ लागला. बाली नर्तकांवर लिहिताना तो जे मागत होता, शब्दाला हावभावाइतकं अंग असावं, ते त्याला रंगमंचावर साधलं नाही, पेन्सिलीनं साधलं.

पण भाबडेपणाही नको. या वह्यांचा मोठा भाग वाचायला कंटाळवाणा आहे. तेच शत्रू, तेच जादूटोणे, तीच माणसं रात्री येऊन त्याच्या शरीरातून काहीतरी चोरून नेतात. लामा, पुजारी, पोलीस, डॉक्टर, पॅरिसच्या रस्त्यावरून जाणारी अनोळखी माणसं, सगळी कटात. कामवासनेचा इतका तिटकारा की पानंच्या पानं त्यात जातात. प्रुफं वाचणाऱ्याला पानं गाळण्याची मुभा नसते, तसं मी छापील समग्र आर्तोमधले रोदेझच्या वह्यांचे काही खंड सलग वाचून काढले, आणि ते उत्तम आहे म्हणणारा एखादा समीक्षक समोर असता तर त्याला विचारलं असतं, सतराव्या खंडाचं मधलं पान तुम्ही शेवटचं कधी उघडलं? मग अचानक एक पान येतं, त्यात आठ ओळी येतात, आणि सगळं माफ होतं. सोन्यासाठी किती माती उपसायची हे ज्यानं त्यानं ठरवावं. माती नव्हतीच, असं मात्र म्हणू नये.

१९४६ च्या सुरुवातीला आर्थर आदामोव आणि मार्त रोबेर हे दोन लेखक त्याला भेटायला रोदेझला गेले आणि त्याला बाहेर काढायचंच, असं ठरवून परतले. फेर्दिएरची अट होती की त्याच्या पोटापाण्याची तजवीज हवी. ७ जून १९४६ ला पॅरिसच्या सारा बर्नहार्ट नाट्यगृहात मदतीचा प्रयोग झाला. बारो, जुव्हे, द्युलँ यांच्यासारखे रंगमंचावरचे बडे लोक त्याचं लिखाण वाचायला उभे राहिले. त्यानंतर चित्रांचा लिलाव झाला. पिकासो, ब्राक, जाकोमेत्ती यांनी कामं दिली. आर्तो तोवर पॅरिसला आला होता आणि शहराच्या दक्षिण वेशीवर, इव्रीला, डॉक्टर देल्मासच्या खासगी रुग्णालयात राहत होता. दाराला कुलूप नव्हतं. येण्याजाण्याची मोकळीक होती. पुढं त्यानं रुग्णालयाच्याच बागेतल्या एका जुन्या एकांड्या घरात मुक्काम हलवला.

कोटाच्या आतल्या खिशात दुमडलेली वही आणि पेन्सिलीचा तुकडा, हे त्याचं तेव्हाचं सामान. मेट्रोत, कॅफेत, मित्रांच्या जेवणाच्या टेबलावर तो वही काढायचा. १९४७ मधले इव्रीचे काही फोटो आहेत. त्यांतल्या एकात तो बाकावर पाठमोरा बसलाय आणि पेन्सिल पाठीच्या कण्यावर टेकवून धरलीय, दुखरी जागा दाबल्यासारखी. तीच पेन्सिल कागदावर. त्याच्या लिखाणावरचं याहून चांगलं भाष्य मी वाचलेलं नाही.

या दोन वर्षांतली नावाजलेली पुस्तकं वह्यांमधूनच निघाली. फेब्रुवारी १९४७ मध्ये त्यानं ओरांजरीत व्हॅन गॉगचं प्रदर्शन पाहिलं आणि भराभर त्याच्यावरचा निबंध झाला. त्याला जानेवारी १९४८ मध्ये सँत-बव्ह पारितोषिक मिळालं. त्याआधी १३ जानेवारी १९४७ ला व्ह्यू-कोलोंबिए नाट्यगृहात त्याचं एकट्याचं सादरीकरण होतं. त्यासाठी त्यानं तीन वह्या तयार केल्या होत्या. सभागृह भरलेलं, समोर लेखक जीद, सुर्रिअलिस्टांचा पुढारी ब्रतों. आधी कविता म्हटल्या. मग आपली हकिगत सांगायला लागला, कागद हातातून निसटून विखुरले, ते गोळा करता करता धागा तुटला, आणि तो थांबला. सत्त्याहत्तर वर्षांचे जीद वर चढले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. ब्रतोंला हा सगळाच प्रकार रुचला नाही. मित्राचं दुखणं रंगमंचावर का मांडायचं, असा त्याचा आक्षेप. मला दोघांचंही समजतं. पण त्या तीन वह्या आज छापील आहेत आणि त्या वाचल्या की कळतं, माणूस तयारी न करता गेला नव्हता.

नोव्हेंबर १९४७ मध्ये फ्रेंच रेडिओच्या फेर्नां पूएनं त्याला एक कार्यक्रम दिला. आर्तो, मारिया काझारेस, रॉजे ब्लँ आणि पोल तेव्हनँ अशा चौघांच्या आवाजात तो ध्वनिमुद्रित झाला. मजकुराबरोबर किंकाळ्या, ढोल, झायलोफोन. २ फेब्रुवारी १९४८ ला तो प्रसारित व्हायचा होता. आदल्या दिवशी रेडिओचे प्रमुख व्लादिमिर पोर्शे यांनी बंदी घातली. देवाची, अमेरिकेची आणि विष्ठेची भाषा त्यांना झेपली नाही. ५ फेब्रुवारीला कॉक्तो, एल्युआर, क्नो वगैरे सुमारे पन्नास जणांना तो खासगीत ऐकवला. त्यांनी कौल बाजूनं दिला, पोर्शे हलले नाहीत, पूएनं राजीनामा दिला. ४ मार्च १९४८ ला सकाळी इव्रीच्या बागेतला माळी न्याहारी घेऊन गेला, तेव्हा आर्तो पलंगाच्या पायथ्याशी बसलेला आढळला. गेला होता. गुदाशयाचा कॅन्सर, आणि तोही आदल्याच महिन्यात कळलेला.

वर चौथं नाव आलं, पोल तेव्हनँ. आता तिच्याविषयी, कारण माझ्या दृष्टीनं या गोष्टीतलं अर्धं श्रेय तिचं आहे.

आदामोवच्या ओळखीतून ती जून १९४६ मध्ये आर्तोला पहिल्यांदा भेटली. तिचा नवरा डॉक्टर, घर शारांतोंला, इव्रीपासून नदीपलीकडं. आर्तो तिच्याकडं जेवायला जायचा, आणि जेवणानंतर वही उघडून मजकूर सांगायचा. ती उतरवून घ्यायची. वाचून दाखवताना तो बदलायचा, पुन्हा म्हणायचा, एखादी ओळ तीन वेळा म्हणून तिसरी ठेवायचा. ही दोन वर्षांची उमेदवारी तिला मिळाली. तो गेल्यावर कागद तिच्या ताब्यात आले, आणि तिथून पंचेचाळीस वर्षं, १९९३ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत, ती ते अक्षर लावत बसली.

हे काम म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगणं अवघड आहे. पेन्सिल पुसट होते. वही खिशात दुमडून दुमडून घडीवरचा शब्दच उडतो. मजकुराला तारीख क्वचित असते. एक वही संपवून दुसरी घ्यायची, अशी शिस्त आर्तोला नव्हती. एकाच वेळी दोन-चार चालू, जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर नवं लिहिलेलं. मग क्रम लावायचा कशावरून? शाईचा रंग, एखाद्या भेटीचा उल्लेख, पत्राचा मसुदा आणि प्रत्यक्ष टपालात पडलेलं पत्र, अशा खुणांवरून. आणि कुठल्याच भाषेत नसलेली ती अक्षरं? खाडाखोडीचा फ्रेंच शब्द कोशावरून ताडून बघता येतो. अर्थच नसलेल्या शब्दात 'एन' आहे की 'यू' हे कशावरून ठरवणार? मला वाटतं, तिथं तिचा कानच कामी आला. आर्तोच्या तोंडून ते ठोके ऐकलेली ती होती. तिच्यानंतर हे काम हाती घेणाऱ्या कुणाकडं ती पुंजी असणं शक्य नव्हतं.

गालिमारनं समग्र आर्तोचा पहिला खंड १९५६ मध्ये काढला. एकूण २६ खंड झाले. पंधरा ते एकवीस हे सात खंड रोदेझच्या वह्यांचे, पुढचे चार पॅरिसला परतल्यानंतरचे, आणि सव्विसावा म्हणजे व्ह्यू-कोलोंबिएच्या त्या तीन वह्या. शेवटी टिपा इतक्या काटेकोर, की कुठला शब्द खोडून कुठला घातला हेही कळतं. या सव्वीस खंडांच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून तिचं नाव नाही. ज्यांना ठाऊक होतं त्यांना ठाऊक होतं. आमच्या धंद्यात हे नवं नाही. मीही एका कोशाचं बारा वर्षांचं काम केलं, त्यात ऋणनिर्देशात 'कार्यालयीन सहकारी' एवढाच उल्लेख आला. पण तेव्हनँचं काम प्रूफ तपासण्याचं नव्हतं. तिच्याशिवाय तपासायला प्रूफच नसतं.

तिच्यावर आक्षेपही झाले, आणि ते सगळेच टाकाऊ नव्हते. आर्तोच्या घरच्यांचं म्हणणं, की कागद ठेवून घेण्याचा तिला हक्क काय? लेखकाचे हक्क वारसांकडं, वह्या हिच्याकडं, अशी कोंडी वर्षानुवर्षं चालली. सव्विसावा खंड या भांडणात अडकला आणि ती गेल्यानंतर, १९९४ मध्ये, बाहेर आला. वाचनाच्या चुका काढणारेही निघाले. चार दशकं एकटीनं लावलेल्या अक्षरात चुका असणारच. प्रश्न असा की ती चूक दुसऱ्या डोळ्याला दाखवता आली असती का. मूळ वह्या लोकांना पाहायला मिळेपर्यंत ते शक्य नव्हतं, आणि हा तिच्या पद्धतीतला खरा दोष. तिच्या मृत्यूनंतर वह्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेल्या आणि आता तिथं अभ्यासकांना त्या समोर ठेवून तिचं वाचन ताडून पाहता येतं.

उरलेल्या इव्रीच्या वह्या, २३३ ते ४०६, अभ्यासक एव्हलिन ग्रोसमननं २०११ मध्ये दोन जाड खंडांत छापल्या. म्हणजे आर्तोच्या मृत्यूनंतर त्रेसष्ट वर्षांनी लिखाण पुरं छापलं गेलं.

माझी स्वतःची तक्रार वाचनाच्या चुकांविषयी नाहीच. ती पानाविषयी आहे. गालिमारच्या खंडांत मजकूर आला, चित्रं मागं राहिली. ज्या ओळी चित्राच्या अंगावरून जात होत्या त्या आता एकाखाली एक, एकाच टाइपात, सारख्या समासात बसल्या आहेत. पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला, तो शब्द आणि हलक्या हातानं उमटलेला शब्द छापील पानावर सारखेच काळे. हे कुणाच्या निष्काळजीपणानं झालं नाही. खिळ्याला दाब कळत नाही. तरी नुकसान झालं ते झालंच. लेखकाची इच्छा काय होती, तेही माहीत आहे. ३१ जानेवारी १९४८ ला, मरणाच्या पाच आठवडे आधी, आर्तोनं वह्यांमधल्या पन्नास चित्रांच्या पुस्तकासाठी एक मजकूर लिहिला. ही चित्रं सुटी कलाकृती म्हणून पाहू नका, ती लिखाणाच्या मधून आलेली आहेत, असं त्याचं सांगणं. ते पुस्तक २००४ मध्ये निघालं. त्यानंतर २००६ मध्ये गालिमारनं जानेवारी १९४८ मधली एक अख्खी वही जशीच्या तशी, छायाप्रत करून छापली. मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ती वाचलीच नाही. नुसती पानं उलटली. आधीच्या खंडांमध्ये कळलं नव्हतं ते कळलं, की कुठं तो थांबला, कुठं धावला आणि कुठं ओंडक्यावर घाव पडला असणार.

फ्रेंच येत नसेल त्यांनीही ही छायाप्रत एकदा पाहावी. आणि मराठीत या वह्यांमधला काही भाग आणायचं कुणाच्या मनात असेल, तर एका जुन्या मुद्रितशोधकाच्या चार विनंत्या आहेत. मजकूर निवडून घ्या, सगळा घेऊ नका. ओळ जिथं तुटली तिथंच तोडा, परिच्छेद करू नका. ज्या अक्षरांना अर्थ नाही त्यांना अर्थ देऊ नका, नुसती देवनागरीत उतरवा आणि छापण्याआधी मोठ्यानं म्हणून पाहा. आणि पहिल्या पानावर आर्तोच्या नावाखाली पोल तेव्हनँचं नाव घाला.